मुखपृष्ठावरची जोडी

— अभिनंदन कसलं करता, सुनीलकुमार! हात सोडा माझा. आणि ते पुडकं उघडू नका, चमकीचा कागद फाटेल — पाहुणे स्टेजवर रिबीन सोडणार, मासिकाचा पहिला अंक वर धरणार, टाळ्या. बांधता बांधता मी एक काढून पाहिला. हा काय, शर्टात लपवलाय. बसा स्वल्प, थोडं बसा.

तुम्हाला खरंच वाटलं? हा टकल्या मी, कबूल. शेजारी पदर तोंडाला लावून हसतेय ती अनुसूयाबाई, आमच्या संस्थेचा स्वयंपाक बघते ती. आणि खाली तांबड्या अक्षरांत — 'आमचं ठरलं!' काय ठरलं? काही ठरलं नाही हो! सांबारात मीठ कमी म्हणून मी चिडवलं, ती हसली, कुणीतरी फोटो काढला, संपलं. मध्ये आमचे सेक्रेटरी कृष्णमूर्ती उभे होते, त्यांना मी कात्रीनं काढलं. हात तेवढा राहिला माझ्या खांद्यावर — बघा, घड्याळासकट!

का म्हणजे? संस्था कसली आमची — विधवा-विधुरांची लग्नं लावणारी. मासिक काढायचं ठरलं, नाव 'नवसोबत'. मी 'दुसरा चहा' सुचवलं होतं, कृष्णमूर्तींनी चष्मा काढून पाहिलं माझ्याकडे. मग म्हणे मुखपृष्ठावर खरं जोडपं हवं. हिंडलो की घरोघर! कार्य सगळ्यांना पटतं, कॉफी देतात, चकली देतात — फोटो मागितला की, "येसाजीअण्णा, पुढच्या अंकाला बघू हं." ज्यांची लग्नं आम्हीच लावली तेसुद्धा! म्हटलं, कमिटीला जरा झटका देऊ. नमुन्याचा अंक चिकटवून करतात ना, डमी, तिच्यावर लावला हा फोटो, खाली लिहिलं ते 'आमचं ठरलं!' कृष्णमूर्ती ओरडतील, आपण हसू, फाडून टाकू. तर कृष्णमूर्ती गेले धारवाडला, मेहुणीच्या पोराच्या बारशाला — आणि शिपायानं डमी तुमच्या के. आर. पुरमच्या प्रेसात नेऊन टाकली. चौथी शिकलेल्या माणसाच्या हाती कात्री देऊच नये, लिहून घ्या.

आता थांबवू कसं? सगळ्या प्रतींवर तेच, हॉल भरलाय. पहिल्या रांगेत ते जाड मिशांचे दिसले? नरसिंहराव. अनुसूयाबाईंचे दीर. नवरा गेल्यापासून ती त्यांच्याच माडीवरच्या खोलीत राहते. संस्थेत रांधते ते चालतं त्यांना, समाजकार्य म्हणून. हा कागद सुटला की ती खोली गेली. माझं सोडा, लोक म्हणतील म्हातारा चळला, ते रोजच म्हणतात. पण ती — रोज ताट वाढताना विचारते, "आज कुणाला छळलंत?" तेवढं ऐकायला तर मी दिवसभर खोड्या करत फिरतो — हे कुठं बोलू नका. निघून गेलं तोंडातून.

चूक तुमचीही आहे. छापण्याआधी प्रूफ दाखवायचं कुणाला तरी! ... दाखवलं? ऑफिसात आणून? कृष्णमूर्ती तर नव्हते, मग कुणाला — कणकेचे हात? पदराला पुसून घेतलं? ... अहो, मग घाईघाईत पाहिलं असेल. नाही? खिडकीपाशी नेऊन पाहिलं? आणि काय म्हणाली — तुमचे शब्द घालू नका, तिचे सांगा. "सरी, छापा." बरं, छापा — एवढंच? हसत? हसली नाही. मग रागानं? रागानंही नाही. मग कशी हो, कशी म्हणाली!

मला सगळ्या तऱ्हेची चेष्टा कळते, सुनीलकुमार, उभा जन्म तेवढंच केलं. ही कळत नाही. दीर काय करतील ते तिला ठाऊक नाही का? माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी छापा म्हणाली? माझ्या घरात बाईमाणसानं उभं राहावं असं आहे काय — गळकी मोरी, एक खुर्ची, तीवर इस्त्रीचे कपडे...

ती बघा आली. दिराच्या शेजारी खुर्ची राखलीय तिला. बसेल आता — नाही बसली. नरसिंहराव हाक मारताहेत — इकडंच येतेय. तुम्ही जा. टेम्पो हलवा, रस्ता अडतोय. जा म्हणतो ना! — या, अनुसूयाबाई. मी — ते अंक — मी...