ड्रॅगन आणि चमचाभर दही

हसू नका, पण आमचा ड्रॅगन अजून जिवंत आहे तो चमचाभर दह्यामुळे.

रविवारी दुपारी इथे सिंगापुरात, बुकित बातोकला माझ्या फ्लॅटवर आम्ही चौघं फासे टाकून तो साहसाचा खेळ खेळतो ना, त्यात गोष्ट मी सांगतो आणि बाकीचे तिघं त्यातली पात्रं होतात. दर वेळी तिघांनाही परीकथेतला एल्फच व्हायचं असतं. सातशे वर्षांचं आयुष्य, कशाचीच घाई नाही! यंदा वैतागून मी नियमच केला, सगळ्यांनी माणूसच व्हायचं.

आमचा मंदार झाला लोहार. ड्रॅगन मारायला निघायची वेळ आली, तेव्हा मी सहज बोलून गेलो, "आईनं तुझ्या हातावर दही ठेवलं. चल, निघ."

मंदारनं हातातले फासे खाली ठेवले. मग म्हणाला, "मी नाही निघत."

"अरे, ड्रॅगन शहर जाळतोय!"

"जळू दे. आज घरी राहतो."

"मागच्या वेळी तर सगळ्यांच्या पुढे धावला होतास!"

"तेव्हा एल्फ होतो रे. एल्फ शंभर वर्षांनी परतला तरी आई दारात असते. ही आई माणूस आहे."

फासे कुणी उचललेच नाहीत. तीन वर्षं हा सांगलीला आईकडे गेला नव्हता. रजा दर वेळी पुढे ढकलायचा.

पुढच्या रविवारी त्याची खुर्ची रिकामी. आणि आज सकाळी सांगलीहून फोटो आला. त्याचा तळहात, त्यावर दही, कडेला आईची बोटं.

खाली लिहिलंय, "अजून खाल्लं नाहीये. खाल्लं की निघावं लागतं."