एका गाडीत दोघं

कमलाकांत : ते मला सांगू नको. कप घेऊन आलायस आणि तोंड असं केलंयस, जसं काय मी तुझी बोट बुडवली.

निमेश : कप दोघांनी आणला, काका.

कमलाकांत : दोघांनी. बरं बाबा, दोघांनी. पण शेवटचा तास गाडीत कोण होतं? सलोनीच्या हाताला पेटके आले, ती उतरली, तेव्हा आपण तिसरे होतो. मी तर मेकॅनिक झुंबरला सांगून मोकळा झालो होतो, पाने गोळा कर, जॅक बांधून घे. आणि तू त्या दोन्ही गाड्या धरल्यास, मागे टाकल्यास आणि पहिला आलास. सरावलीच्या पत्र्याच्या शेडमधली गाडी, आणि चेन्नईच्या ट्रॅकवर पहिली! माझी बायको अजून विचारतेय, नक्की आपलीच का?

निमेश : मघाशी फोन कोणाचा होता ते सांगा.

कमलाकांत : सांगतो. जरा कौतुक तर करू दे.

निमेश : आयोजकांचा?

कमलाकांत : हो, त्यांचाच. तुला वरच्या गटात टाकलंय.

निमेश : तुमी काय बोललात?

कमलाकांत : मी काय बोलणार? त्यांनी तुझ्या शेवटच्या तासातल्या लॅप बघितल्या. म्हणाले, हा ड्रायव्हर खालच्या गटातला नाहीच. मी म्हटलं, साहेब, मलाही रविवारीच कळलं. तीन मोसम मी याला डुलक्या घेतो म्हणून शिव्या घालतोय.

निमेश : त्यांना सांगा, एक दिवस गाडी बरी पळली. एवढंच.

कमलाकांत : सांगितलं. हसले. आता नियम तुला माहीत आहे. सहा तासांची शर्यत, एका गाडीला दोन ड्रायव्हर, आणि त्यात वरच्या गटातला एकच. दुसरा खालचाच पाहिजे. नाहीतर मोठ्या टीमा दोन्ही वाघ एकाच गाडीत बसवतील आणि आपल्यासारख्यांनी नुसते टायर धुवायचे. आपल्यासारख्यांसाठीच केलाय तो नियम. आणि बघ, सलोनी आधीच वरची, आता तूही; आपल्यालाच लागला.

निमेश : मग मी उतरतो. सलोनीला ठेवा. तिच्या जोडीला कोणी नवीन बघा.

कमलाकांत : मी उलटा विचार करतोय.

निमेश : नको, काका.

कमलाकांत : ऐकून तर घे. रविवारी तू जी मारलीस ना, तशी लॅप तिला आजवर एकदाही लागलेली नाही. जवळपासही नाही. ती मला मुलीसारखी आहे. तुमच्या लग्नात मी तुझ्या बाजूने नाचलो आणि तिच्या बाजूने रडलो. पण टीम चालवायची म्हणजे जो जलद तो ठेवायचा. यात मुलगी आणि सून कुठून आणू?

निमेश : आणि तिला सांगणार कोण?

कमलाकांत : तूच सांग. नवरा आहेस.

निमेश : नावाला. ती कॉलनीत तिच्या पप्पांकडे, मी नवापूरला. तुमाला माहीत हाय सगळं.

कमलाकांत : मग मी सांगू? मला नाही जमायचं रे. मी टायरवाल्याला नाही म्हणतानाही दोनदा चहा पाजतो.

(अर्धवट ओढलेलं शटर वर जाण्याचा आवाज.)

सलोनी : कोणी सांगायची गरज नाही.

कमलाकांत : अगं, तू कधी आलीस?

सलोनी : दोन्ही वाघ म्हणालात तेव्हा. तुमचा आवाज समोरच्या टपरीपर्यंत येतो, काका. तिथला भय्यापण विचारत होता, क्या हुआ, कौन निकला?

कमलाकांत : हे बघ पोरी, अजून काही ठरलेलं नाही...

सलोनी : चहा सांगून या ना, काका. तीन कटिंग. थोडे सावकाश या.

कमलाकांत : जातो. भांडा, पण जपून. ती गाडी कालच पुसलीय.

निमेश : हात कसा हाय?

सलोनी : बरा आहे.

निमेश : आईने सुकट दिलीय तुझ्यासाठी. डब्यात हाय.

सलोनी : निमेश, रविवारी मी उतरले आणि स्क्रीनसमोर जाऊन बसले. डोक्यावर बर्फाचा टॉवेल. तुझ्या लॅपच्या वेळेचा आकडा आला आणि मला वाटलं स्क्रीन बिघडला. झुंबरला म्हटलंसुद्धा, बघ रे, हे चुकतंय. पुढच्या लॅपला आणखी कमी. त्याच्या पुढच्या लॅपला आणखी.

निमेश : टायर नवीन होते.

सलोनी : टायर माझेच होते. मीच घासून दिलेले.

निमेश : तसं असेल.

सलोनी : काल दिवसभर मी आपल्या जुन्या शर्यतींचे व्हिडिओ बघितले. गाडीतल्या कॅमेऱ्याचे. मागच्या लांब सरळ पट्ट्यावर, शेवटच्या वळणाच्या बऱ्याच आधी, तू बसलेला असलास की इंजिनचा आवाज खाली येतो. दर लॅपला. तिथे कुणी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलत नाही. मीसुद्धा नाही. आणि मला त्या वळणाची भीती वाटते.

निमेश : मलापण वाटायची.

सलोनी : रविवारी नाही वाटली?

निमेश : रविवारी तू खाली बसलेलीस. हात असा वाकडा झालेला. रडत होतीस.

सलोनी : घाम होता तो.

निमेश : बरं, घाम.

सलोनी : कधीपासून करतोयस हे?

निमेश : जाऊ दे ना.

सलोनी : कधीपासून?

निमेश : तुला वरच्या गटात घेतलं तेव्हापासून. तू अख्ख्या कॉलनीत पेढे वाटलेस. तुझ्या पप्पांनी पेपरातला फोटो गेटवरच्या वॉचमनलापण दाखवला. तेव्हा मी पण तुझ्या मागोमागच होतो, सलोनी. आणखी एक शर्यत बरी गेली असती तर मला पण वर टाकला असता. मग तू एका गाडीत, मी दुसऱ्या.

सलोनी : म्हणून पाय उचललास.

निमेश : जरासाच. बंदरात शिरताना बोटीचं इंजिन कमी करतात ना, तेवढाच. मला वाटलं, एक मोसम काढू. पुढचं पुढे.

सलोनी : मला सांगायला काय झालं होतं?

निमेश : सांगितलं असतं तर तू चालवू दिली असतीस तशी? तू लगेच बोलली असतीस, जा, वर जा, दुसरी टीम बघ.

सलोनी : म्हटलं असतं.

निमेश : मग?

सलोनी : आणि घरी मी काय काय बोलले तुला! जेवताना, तुझ्या आईसमोर. याच्या अंगात रक्त नाही, पेज आहे, असं म्हटलं मी.

निमेश : ते एकदाच बोललीस.

सलोनी : आणि तू काय करत होतास? माझ्या पानातल्या माशाचे काटे काढत होतास. मान वर नाही केलीस.

निमेश : तुला काढता येत नाय. घशात अडकतो तुझ्या.

सलोनी : मला वाटायचं, या माणसाला कशाचंच काही नाही. हरलो तरी तेच तोंड, जिंकलो तरी तेच. मी ट्रॅकवर जीव टाकते आणि हा फिरायला आल्यासारखा गाडी चालवतो. अशा माणसाबरोबर जन्म काढायचा? या एकाच गोष्टीवरून मी घर सोडलं, निमेश. दुसरं काही नव्हतंच आपल्यात वाईट. मी जाते म्हटलं, तेव्हाही तू माझी बॅग उचलून रिक्षात ठेवलीस.

निमेश : जड होती.

सलोनी : निमेश!

निमेश : काय बोलू? मला तुझ्यासारखं बोलता येत नाय. मला वाटलं, घरी नाय तर नाय, गाडीत तर हाय. मधे ड्रायव्हर बदलताना सगळ्यांनाच पिटमधे तीन मिनिटं थांबायला लागतं. बाकीचे त्या नियमाला शिव्या देतात. तू उतरायचीस, मी बसायचो, तू वाकून माझे पट्टे आवळायचीस. सांगायचीस, ब्रेक मऊ झालेत, तिसऱ्या वळणावर तेल सांडलंय, पाणी पी. हेल्मेटमधून नीट ऐकायलापण यायचं नाय. पण माझ्याशीच बोलत असायचीस ना. त्यासाठी मी आणखी दहा वर्षं हळू चालवली असती.

सलोनी : हे तू आज सांगतोयस मला.

निमेश : तू आज विचारलंस.

सलोनी : गेलं दीड वर्ष मी एकेक दिवस स्वतःला समजावत काढला की मी बरोबर केलं. आई म्हणायची, फोन तरी कर त्याला. मी म्हणायचे, त्याला काही फरक पडत नाही.

निमेश : पडायचा.

सलोनी : आणि तुला एक गोष्ट तरी कळतेय का? मला वाटत होतं, मी जलद आहे. आपल्या दोघांत जलद मी. काहीही बिनसलं तरी ते माझं होतं. पालघरच्या कॉलेजात मुलींसमोर भाषण देऊन आले मी. म्हटलं, माझा नवरासुद्धा माझ्या मागे असतो. सगळ्या हसल्या, टाळ्या वाजवल्या.

निमेश : तू जलद हायसच.

सलोनी : तुझ्यापेक्षा नाही. तू मला हरवायचं होतंस. सरळ हरवायचं. मी रडले असते, चार दिवस तुझ्याशी बोलले नसते, भांडी आपटली असती, आणि परत ट्रॅकवर येऊन तुझ्या मागे लागले असते. कदाचित गाठलंही असतं. तू मला गाठायला काही ठेवलंच नाहीस.

निमेश : मला तसं नव्हतं करायचं.

सलोनी : माहीत आहे रे. तेच तर वाईट आहे.

कमलाकांत : चहा. एवढ्या वेळात एक टेम्पो उलटा लावून झाला समोर, म्हणून आलो. काय झालं?

सलोनी : काका, निमेशला ठेवा. मी उतरते.

निमेश : ती नाय, मी उतरतोय. रामनाथदादाच्या बोटीला माणूस पायजेच हाय. त्याला सांगतो आज.

सलोनी : बघितलंत? परत तेच. परत माझ्यासाठी पाय उचलतोय. नको, निमेश. त्या सीटवर मी एक मिनिट बसू शकणार नाही आता.

कमलाकांत : अगं पण तू करणार काय?

सलोनी : पुण्याच्या एका टीमने मागेच विचारलं होतं. मालकाचा मुलगा खालच्या गटात आहे, त्यांना वरच्या गटातलं कोणी हवं आहे. मी नाही म्हटलं होतं. आता हो म्हणते.

कमलाकांत : आणि तू नाही कशाला म्हटलं होतंस? ती टीम आपल्यापेक्षा मोठी आहे.

सलोनी : मला काय माहीत कशाला. चहा द्या.

कमलाकांत : मी तुला काढत नाहीये हां, पोरी.

सलोनी : काढताय, काका. आणि बरोबर करताय. मी तुमच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं, आणि चहासुद्धा पाजला नसता.

कमलाकांत : मला फार वाईट वाटतंय. कप आला त्या दिवशी मी म्हटलं होतं, या दोघांची गाडी आता रुळावर येणार. नाक्यावर पेढे सांगून ठेवलेत मी. ते आता रद्द करून येतो... का आणू?

सलोनी : आणा. कप तर आलाय ना.

निमेश : पेढे कोण खाणार?

सलोनी : झुंबर खाईल.

निमेश : गेले काका. आता एक विचारू?

सलोनी : विचार.

निमेश : आता तर तुला सगळं कळलं. घरी ये.

सलोनी : कोणाकडे येऊ? मी ज्याला सोडून गेले, तो माणूस नव्हताच. आणि हा जो आहे, त्याने माझं सगळं माझ्या पाठीमागे ठरवलं. माझ्या भल्यासाठी, माझ्यावरच्या प्रेमाने, पण पाठीमागे. मी आले तर रोज बघत बसेन, आज हा खरं वागतोय की माझ्यासाठी हळू चाललाय. तू भात कमी वाढून घेतलास तरी मला संशय येईल.

निमेश : नाय करणार तसं. परत कधीच नाय.

सलोनी : तुला थांबवता येणार नाही. तुझा स्वभावच तो आहे. आणि मला तो आवडतो, हे आणखी एक. तुझ्यावर प्रेम नव्हतं म्हणून मी नव्हते गेले.

निमेश : मग मी काय करू ते सांग. तू सांगशील ते करतो.

सलोनी : पुढच्या शर्यतीत मी त्यांच्या गाडीत असेन. तू मागून येशील. येशीलच. तेव्हा पाय उचलायचा नाही.

निमेश : सलोनी...

सलोनी : बोल.

निमेश : नाय उचलणार.

सलोनी : मी बाजूला होणार नाही, सांगून ठेवते. तुला मला नीट मागे टाकावं लागेल. सगळ्यांसमोर. पप्पा येणार आहेत बघायला.

निमेश : टाकीन.

सलोनी : आणि पुढे गेलास की गेलास. माझं काय झालं म्हणून बघत बसायचं नाही.

निमेश : मुद्दाम नाय बघणार. पण आरशात तर दिसशीलच.

सलोनी : किती वेळ?

निमेश : पुढच्या वळणापर्यंत.