बूच वर आलं होतं का?

केंटकीतला व्हिस्कीचा जुना कारखाना बघायला तिकिटाच्या रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं.

“तीस वर्षं राबलास इथं, व्हर्लिन, आणि आता तिकीट काढून आत जाणार?”

“जपान्यांनी घेतला ना कारखाना. बिल्ला जमा केला, आता तिकीटच.”

“बाटलीवर तर अजून आपल्याच गावचा म्हातारा आहे.”

“चित्रातला ठेवला. बोलणारे घरी पाठवले.”

“मग कशाला जिवाला त्रास करून घेतोस?”

“विक्रीच्या आदल्या दिवशी गोदामातलं शेवटचं पिंप मीच घरंगळवत नेऊन मुरायला आडवं लावलं, नडीन. पिंप थांबलं की त्याच्या पोटावरचं बूच वरच यायला हवं, नाहीतर गळतं. त्या दिवशी डोळे भरले होते. बघितलंच नाही.”

“सहा वर्षं झाली त्याला! गळायचं ते कधीच गळून गेलं असेल.”

“म्हणून तर बघायचंय.”

दारातली पोरगी हसत पुढं आली. “या आजोबा! पहिल्यांदाच येताय ना?”

म्हाताऱ्यानं टोपी काढली.

“हो पोरी, पहिल्यांदाच. पिंपाला हात लावलेला चालतो का गं?”