दुसऱ्या मजल्यावरचा खांब

...आणि वर पुन्हा लोक म्हणतात, 'वकीलसाहेब, तुमचं काय बुवा, काळा कोट चढवला की झालं!' झालं? अहो, अठ्ठावीस वर्षं मी तीनच प्रकारची माणसं बघतोय... नोकरीवरून काढलेली, अर्धवट इमारतीकडे बघत बसलेली, आणि एका भिंतीपायी सख्ख्या भावाचं तोंड न बघणारी! चौथ्या प्रकारचं, नुसतं हसणारं माणूस समोर आलं की मीच दचकतो! आणि या तिन्ही प्रकारांना मी एकच विचारतो, लेखी काय आहे? आणि तिघंही छातीवर हात ठेवून एकच सांगतात, 'तोंडी बोलणं झालं होतं!' तोंडी! तोंड काय कोर्टात दाखल करू?

पण तुम्हाला सांगतो, या धंद्यानं माझं घर घेणं हराम केलं. सतरा घरं पाहिली हो आम्ही, सतरा! बायको म्हणायची, 'अहो, खिडकीतून झाड दिसतंय!' मी म्हणायचो, 'दिसतंय, पण झाडाखालच्या जमिनीवर तीन भावांचा दावा चालू आहे, धाकट्याचं वकीलपत्र माझ्याकडे आहे.' ती म्हणायची, 'जिना काय रुंद आहे!' मी म्हणायचो, 'असणारच, लिफ्टला जागा ठेवायचीच विसरलेत!' सतराव्या घरानंतर ती गप्प बसली. आणि बायको गप्प बसली की शहाण्या माणसानं समजावं... मला काय वाटलं माहितीये? वाटलं, पटलं बिचारीला!

तर अशात एक दिवस ऑफिसात मिस्त्री आला. साठीचा माणूस, तळहात म्हणजे नुसती वीट, एकाच बिल्डरकडे एकतीस वर्षं इमानानं राबलेला. म्हणाला, 'साहेब, कामावरून काढलं.' का? तर म्हणे नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्याचा खांब पोकळ राहिलाय. हा सुट्टीवर असताना दुसऱ्यानं भरलेला. यानं सांगितलं, फोडा आणि नवा घाला. बिल्डर म्हणाला, 'वरून गिलावा मार आणि पुढं चल.' हा म्हणाला, 'माझा हात नाही चालायचा.' दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमननं अडवलं, 'मिस्त्री, तुम्हाला आत सोडायचं नाही म्हणून सांगितलंय.' एकतीस वर्षं, आणि निरोप कोण देतंय? वॉचमन! तोही बिचारा खाली बघून!

मी विचारलं, लेखी काय आहे?

'लेखी कसलं साहेब? कामावर घेतलं तेव्हा मालकांनी खांद्यावर हात ठेवला होता.'

आता खांद्यावरच्या हाताची झेरॉक्स कुठं काढायची, सांगा मला तुम्ही! पण म्हातारा उठता उठता म्हणाला, 'नोकरीचं एक असू द्या, पण त्या खांबावर माणसं राहायला येणार आहेत हो...' झालं! घेतली केस.

समोर वकील कोण? ज्याला आम्ही कोर्टात सगळे 'मधाचं बोट' म्हणतो तो! आवाज असा, की तुम्हाला घराबाहेर काढलं तरी वाटावं, हा फिरायलाच नेतोय! कोर्टात म्हणतो, 'मिस्त्री आमचे वडीलधारे! स्वतःहून घरी बसले! खांब? खांब तर असा आहे की आपण टेकून झोप काढावी!' जजबाई वैतागल्या. म्हणाल्या, 'टेकून कशाला, बघूनच या.' त्यांनी एक इंजिनीअर नेमला, आणि दोन्ही बाजूंना साइटवर हजर राहायचा हुकूम दिला.

गेलो. सकाळची वेळ. गेटच्या आत शिरतो तर तळमजल्यावर नमुन्याचा फ्लॅट सजवून ठेवलेला, आणि त्यात भिंतीला टेप लावून माप घेतंय कोण? माझी बायको! टेपचं दुसरं टोक धरून माझी मेव्हणी! मला वाटलं, उन्हानं भास झाला. तेवढ्यात मधाचं बोट पुढे, 'अरे वा, वहिनी! इकडे कुठे?' आणि ही काय शांतपणे म्हणते, 'आमचा फ्लॅट आहे ना इथे. चौथा मजला.' चौथा मजला! चौथा मजला अजून हवेत होता हो! तिसऱ्याचा स्लॅब कालपरवा ओतलेला!

मी दबक्या आवाजात म्हटलं, 'अगं, मला विचारलं नाहीस?' ती म्हणाली, 'सतरा वेळा विचारलं.'

संपला युक्तिवाद!

तोवर बिल्डरच्या डोक्यात दिवा पेटला. मला बाजूला घेऊन म्हणतो, 'साहेब, तुम्ही तर घरचेच निघालात! कोपऱ्यातला फ्लॅट देतो, गाडीला सावलीतली जागा देतो... मिस्त्रीचं तेवढं आपसांत मिटवून टाकू, काय?' आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर... क्षणभर हं... मीही मनातल्या मनात गाडी त्या सावलीत लावून पाहिली. कारण समोर बायको कपाट कुठे बसेल ते बघत होती, आणि वीस वर्षांत इतकी खूश मी तिला पाहिली नव्हती. शेवटी कसाबसा म्हणालो, 'कोर्टाचं काम आहे, वर चला.'

आम्ही वर. मागून ही पण वर! 'माझ्या घराखालचा खांब आहे, मी बघणार!' इंजिनीअर चष्मा पुसतोय, बिल्डर घाम पुसतोय. मिस्त्री मात्र माझ्याकडे बघेना, बिल्डरकडे बघेना. त्यानं पिशवीतून हातोडी काढली आणि हिच्या हातात दिली. 'ताई, हा खांब वाजवा.' हिनं वाजवला... ठण्ण! 'आता हा.' ...भद्! 'पुन्हा वाजवा, जोरात.' आणि हिनं, सतरा घरांचा राग एकत्र करून, जो ठोका घातला... भस्सकन गिलावा खाली! आत भगदाड, उघड्या सळया, आणि भगदाडात कोंबलेली काय? सिमेंटची रिकामी गोणी! सिमेंट नाही, गोणी!

मधाचं बोट म्हणालं, 'कंपनीचं नाव तरी चांगलं आहे गोणीवर...'

आणि ही? वळली बिल्डरकडे. पर्समधून कागदाची घडी काढली. 'मजबुतीची हमी, पान चार. तुमची सही, पान सहा. आमचे हे रोज झोपेतसुद्धा विचारतात, लेखी काय आहे? म्हणून घेतलं.' अहो, माझ्या अठ्ठावीस वर्षांत असा अशील मला मिळाला नाही, आणि घरात होता!

पुढच्या तारखेला मी स्वतःच उठून जजबाईंना सांगितलं, माझ्या पत्नीचा त्याच इमारतीत फ्लॅट आहे, म्हणत असाल तर केस सोडतो. त्यांनी मधाच्या बोटाला विचारलं, 'हरकत आहे?' तो घाईघाईनं म्हणाला, 'मुळीच नाही! फक्त वहिनींना साक्षीला बोलावू नये!'

कोर्टाच्या हुकमानं मिस्त्री कामावर परत गेला, हातात बिल्डरच्या सहीचं नेमणुकीचं पत्र घेऊन. पत्र त्याला वाचता येत नव्हतं, माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. वरच्या स्लॅबला टेकू देऊन तो खांब त्यानं फोडला, नवा घातला, मग उरलेले सगळे खांब वाजवून पाहिले. मी बायकोला म्हटलं, 'आता बुकिंग रद्द करायचं ना?' म्हणाली, 'वेड लागलंय? गावात एवढी तपासलेली दुसरी इमारत दाखवा!'

गेलो राहायला. करार तिच्या नावावर, सोसायटीत सभासद ती, दारावरची पाटी तिची. 'वकील' लिहिलं की लोक बेल वाजवतात, म्हणून माझं नाव नाही. परवा पार्सलवाला आला, पाटी वाचली, मला नखशिखान्त न्याहाळलं, आणि विचारतो, 'तुम्ही इथले कोण?'

आता बघा, जागेच्या दाव्यांत केस पिकले माझे! मालक? नाही. भाडेकरू? नाही. ताबा? स्वयंपाकघरात तर पायही ठेवू देत नाही ती! सगळे कायदे डोळ्यांपुढून गेले हो... शेवटी सही करता करता म्हटलं, 'बाईंनी ठेवून घेतलंय.'