घरमालकाचा पाय

दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलेल्या आजींच्या शेजारी दोघे येऊन टेकले. म्हाताऱ्याचा पाय सुजून टम्म झाला होता. तरुणाने त्याला जवळजवळ उचलूनच आणलं होतं.

"मुलगा का हो तुमचा?" आजींनी विचारलं.

"छे! भाडेकरू. सहा महिने भाडं थकवलं, म्हणून आज घर रिकामं करवलं."

"आणि पायाला काय झालं?"

"याचं कपाट बाहेर ओढताना जिन्यात घसरलो."

"मालक, म्हटलं होतं ना, मी उतरवतो."

"तू नुसता वेळ काढत होतास."

"कारखाना बंद पडलाय. काम लागलं की पै न् पै फेडीन."

"हे ऐकून ऐकून कान किटले माझे."

"सामान कुठाय रे बाळा?" आजींनी हळूच विचारलं.

"रस्त्यावर. बायको राखत बसलीय. पोरगी तापाने फणफणलीय, तिला तिथेच पलंगावर निजवलंय."

आजी म्हाताऱ्याकडे वळल्या. "अहो, आजची रात्र तरी..."

"बाई, माझीही चूल त्याच भाड्यावर पेटते."

आतून नर्सने हाक मारली. तरुण वाकला.

"मालक, गळ्यात हात टाका."

"आधी किल्ली दे."

त्याने खिशातून किल्ली काढून दिली आणि मग म्हाताऱ्याला सांभाळून उचललं.