सेनापतीचं इमान आणि वरच्या आळीचं पाणी

मंडळी, आज आधी एक प्रश्न विचारतो. अगदी सोपा! मालक वाईट आहे — आणि नोकर त्याच्याशी इमानी आहे. मग तो नोकर चांगला, की वाईट?

थांबा, घाई नको! हे पुढं बसलेले पाहुणे लगेच "चांगला" म्हणाले. तुमच्याकडं गडी असतील कामाला! आणि तिकडं खांबाला टेकून बसलेले "वाईट" म्हणाले. ते गडी असतील! म्हणजे प्रश्न वाटला तेवढा सोपा नाही. म्हणा एकदा — विठ्ठल, विठ्ठल! टाळ मांडीवर ठेवा आणि ऐका.

ह्या एका प्रश्नावरनं आंबेखिंडीत महिनाभर भांडण चाललं होतं. भांडण म्हटल्यावर तुम्हाला वाटणार, बांधावरनं असेल, नाहीतर भावकीचं. नाही! टीव्हीवरच्या मालिकेवरनं! "सातशिखर" नावाची मालिका. बघताय का कुणी? बघा, बायकांकडनं हात वर आले... पुरुषही बघतात, पण हात वर करणार नाहीत!

मी कीर्तनकार माणूस, मला मालिकेतलं काय कळतंय? पण आंबेखिंडीत सप्त्याला गेलो होतो, तेव्हा ज्यांच्याकडं उतरलो त्यांनी जेवणाआधी तीन भाग दाखवले. ताट समोर दिसत होतं — वाढत कुणी नव्हतं! मग काय, बघितले. गोष्ट अशी. तिमिरकेतू नावाचा राजा. महादुष्ट! भुवया एवढ्या मोठ्या की, पापणीला जागा नाही. त्याचा एक सेनापती, उग्रवर्मा. लहानपणी हा उग्रवर्मा रानात उपाशी पडला होता, राजानं त्याला उचलला, वाढवला, सेनापती केला. आता एक दिवस आग ओकणारा एक पक्षी नगरावर येतो. लोक जीव घेऊन किल्ल्याकडं पळतात. आणि राजा काय म्हणतो? "दार उघडू नका! ह्या नगरानं माझ्या वैर्‍याला आसरा दिला होता!" दाराची किल्ली उग्रवर्म्याच्या कमरेला. आत हा उभा. बाहेर लोक दार बडवतायत. त्यांना वाटतंय, दार गंजलं! एक म्हातारा तर कुठनंसं तेल आणून बिजागरीला घालतोय. आणि तिथंच — भाग संपला! पुढचं दिवाळीनंतर!

झालं! आंबेखिंडीत दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणायची, खलनायक राजा आहे, उग्रवर्मा नाही. तो बिचारा खाल्ल्या मिठाला जागतोय. दुसरी म्हणायची, उग्रवर्मा राजापेक्षा मोठा खलनायक! मोबाईलवर ग्रुप काढले. माणसं एकमेकाला रामराम घालीनात. एका सुनेनं सासूला "तिमिरकेतू" म्हटलं — ते घर अजून सावरलेलं नाही!

आता ह्या भांडणातली दोन माणसं सांगतो. दोनच सांगतो, ध्यानात ठेवा.

एक मंजुळावहिनी घाडगे. वरच्या आळीत पिठाची गिरणी चालवतात. डोक्यावर पीठ, भुवईवर पीठ आणि जीभ मात्र बिनपिठाची! उग्रवर्म्याच्या विरोधातली सगळी पार्टी त्यांच्या गिरणीत भरायची.

दुसरा तुळशीराम मुळीक. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा. टाकीखाली खड्ड्यात वॉल असतात ना — एकेका आळीचा एकेक — ते लांब चावीनं फिरवायचं काम ह्याचं. माणूस शांत, शब्दाला पक्का. पण उग्रवर्म्याला कुणी नाव ठेवलं की पिसाळायचा! लोक हसायचे. म्हणायचे, "तुळशीराम, उग्रवर्मा तुझा मावसभाऊ हाय का रं?"

का पिसाळायचा? ते गावाला माहीत नव्हतं. तुम्हाला सांगतो.

सरपंच होते आबासाहेब काटकर. तुळशीराम तरणा असताना वीटभट्टीवरनं पडला, पाय मोडला, घरात चूल पेटेना. तेव्हा आबांनी त्याला पंचायतीत लावून घेतला. त्याची बायको बाळंतपणात अडली, तर आबांनी स्वतःच्या जीपमधनं तालुक्याला नेली आणि दिवसभर दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. हे खरं आहे, मंडळी. आबा काही मोठ्या भुवयांचे नव्हते! चांगला माणूस होता. पण निवडणूक झाली, वरच्या आळीनं दुसर्‍या पॅनेलला मतं दिली आणि आबांच्या डोक्यात राग बसला. तुळशीरामाला बोलावलं. म्हणाले, "वरच्या आळीचा वॉल बंद ठेव. कुणी विचारलं, तर सांग, उन्हाळा हाय, चढाला पाणी चढत न्हाई."

तुळशीराम म्हणाला, "आबा, बाया-पोरं..."

"तुला कुणी उभा केला, तुळशीराम?"

काय बोलणार? तुम्ही काय बोलला असता? त्यानं वॉल बंद केला.

आता वरच्या आळीची माणसं किती साधी बघा! कुणाला संशय आला नाही. दरसाल उन्हाळ्यात तिथं पाणी बारीक यायचंच. त्यांना वाटलं, औंदा दाब अगदीच कमी पडला. मग काय केलं? नळ खाली घेतले! दाराम्होरं खड्डा खणायचा, पाईप तोडून तोटी खड्ड्यात बसवायची, म्हणजे खालच्या पातळीला तरी पाणी येईल. शेजार्‍यानं गुडघाभर खणला, की ह्यानं मांडीभर खणायचा. सगळ्या आळीत दारोदारी खड्डे! आणि घागरी भरायला बाया खालच्या आळीत जायच्या, भरल्या घागरी घेऊन चढ चढायच्या. वर आल्या, की पुन्हा कुदळ घ्यायच्या.

हसताय? हसा. मीही ऐकलं तेव्हा हसलो होतो.

असा महिना गेला. एक दिवस तुळशीराम जोंधळे दळायला गिरणीत आला. गिरणी माणसांनी भरलेली. मंजुळावहिनींनी त्याला बघितलं, मोटार बंद केली आणि म्हणाल्या, "आला उग्रवर्म्याचा वकील! आज निकाल लावूया भावजी. मी म्हणते, त्यो राजापरास वाईट. राजा नुसता वरडतोय. दाराची किल्ली राजाकडं हाय का? न्हाई! राजानं जन्मात एक दार आपल्या हातानं लावलं न्हाई. उग्रवर्मा नसता तर राजा काय करणार हुता?"

लोक म्हणाले, बरोबर! बरोबर!

तुळशीरामानं जोंधळ्याचं पोतं खाली ठेवलं. आणि जो माणूस चार शब्दांच्या वर बोलायचा नाही, तो बोलायला लागला. म्हणाला, "वहिनी, उपाशी मेलाय का कधी तुम्ही? त्यो मेलता. रानात पडलाता. जगात कुणी त्याच्याकडं बघितलं न्हाई. चांगल्या राजांनी बी न्हाई! बघितलं ह्यानं. ह्यानं उचलला, अन्न घातलं, चार माणसांत बसवलं. त्याची पोरंबाळं जगली ती ह्याच्यामुळं. आता राजा चुकला म्हणून त्याला एकट्याला सोडायचा? ज्यो आपल्या वाईटात आला, त्याच्या वाईटात आपण पाठ फिरवायची? मग माणसानं माणसाला धरायचं कशाच्या जोरावर?"

मंडळी, बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. असं मालिकेबद्दल कुणी बोलतं का हो? पण लोकांना ते पटलं! एक म्हातारी पदरानं डोळे पुसायला लागली. कुणीतरी म्हणालं, हात वर करा. कोण उग्रवर्म्याच्या बाजूनं? एकेक करत सगळ्यांचे हात वर! आणि शेवटी मंजुळावहिनींनीसुद्धा पिठानं भरलेला हात वर केला.

म्हणाल्या, "हरले बाई! खरं हाय भावजी. माणूस असावा तर असा इमानी. तुमच्यासारखा. तुम्ही हाय म्हणून गावाला पाणी हाय. आमच्या चढाला येत न्हाई, त्याला तुम्ही तरी काय करणार?"

आणि घोटभर पाणी दिलं प्यायला. बोलून बोलून घसा कोरडा पडला असेल म्हणून! कुठलं पाणी? सकाळी डोक्यावरनं चढ चढवून आणलेलं.

तांब्या हातात घेतला. पिता येईना.

तेवढ्यात मंजुळावहिनी सहज बोलून गेल्या. मोटारीचा पट्टा सारखा करता करता. "मला एकच वाईट वाटतं भावजी. ती दाराभाईरची माणसं. दाराआड कुणी उभं हाय, हे त्यास्नी कळलं असतं तर त्यांनी हात जोडले असते, शिव्या घातल्या असत्या, कायबी केलं असतं. त्यो म्हातारा बिचारा तेल घालत बसला!"

त्यांनी मोटार सुरू केली. तुळशीराम बाहेर आला. समोरच मंजुळावहिनींच्या दारातला खड्डा. त्यात त्यांची सासू उतरली होती, कमरेइतक्या खड्ड्यात, सत्तरीची बाई, आणि खुरप्यानं माती उकरत होती. ह्याला बघून म्हणाली, "तुळशीरामा, आजून वीतभर खाली घ्यावा का रं नळ? मग यील का?"

तुम्ही सांगा, ह्याला उत्तर काय द्यायचं! वादात जिंकलेला माणूस तो, सगळ्या गिरणीनं हात वर केलेला! जोंधळे तसेच गिरणीत टाकून चढ उतरला, टाकीपाशी गेला आणि भर दुपारी, चार माणसं बघत असताना, वरच्या आळीचा वॉल सोडला.

पाणी आलं! आणि महिन्याचं तुंबलेलं असं आलं, की नळ खड्ड्यात बुडाले! म्हातारीला दोघांनी ओढून वर काढली. आळीत नुसता कालवा — चढलं! चढलं! पोरं भिजतायत, बाया घागरी घेऊन धावतायत. तुळशीरामाला खांद्यावर घ्यायला माणसं आली.

तर हा म्हणाला, "हात लावू नका. चढाचा काय दोष नव्हता. वॉल बंद हुता. आबांनी सांगितलं, आणि मी केला. महिनाभर रोज मी तिथनं जात हुतो, तुमचे खड्डे बघत हुतो."

मंजुळावहिनी घागर भरत होत्या. उभ्या राहिल्या. शिवी नाही, ओरडणं नाही. एवढंच म्हणाल्या, "भावजी, मगाशी मी तुमच्यासाठी हात वर केला." आणि घागर उचलून आत गेल्या.

आबांचं बोलावणं आलंच. आबा लाल झालेले. "तुला उभा कुणी केला?"

तुळशीराम म्हणाला, "तुम्ही, आबा. मरंस्तवर इसरणार न्हाई. तुमच्यावर वाईट वेळ आली, तर पहिला मी येईन. रात म्हणणार न्हाई, दिवस म्हणणार न्हाई. पण वरचा वॉल बंद करायचा असंल, तर ही चावी. मी वाट दाखवतो, तुम्ही खड्ड्यात उतरा आणि आपल्या हातानं फिरवा."

आबा गेले का? कसे जातील! टाकीपाशी वरच्या आळीच्या बाया येऊन बसल्या होत्या. त्यांच्यादेखत उतरून फिरवायचा! आबांनी चावी घेतली, कोनाड्यात ठेवली आणि तुळशीरामाला कामावरनं काढला. वॉल मात्र उघडाच राहिला.

मग गावानं तुळशीरामाला हार घातला असेल, नाही? नाही घातला! हल्ली तो पोल्ट्रीवर कामाला जातो. मंजुळावहिनी त्याचं दळण दळून देतात, पण बोलत नाहीत. आणि मी त्याला भेटलो तेव्हा तो म्हणाला, "बरोबर हाय त्यांचं. महिना काय थोडा असतोय का, महाराज?" रडगाणं नाही की फुशारकी नाही. मला तो माणूस आवडला.

आता तुम्हाला खरी काळजी उग्रवर्म्याची! दिवाळीनंतर काय झालं? सांगतो. मालिकेत असं निघालं, की किल्ली घेऊन उभा होता तो उग्रवर्मा नव्हताच! त्याचा जुळा भाऊ होता! झालं, सुटला! सगळे खूश! मंडळी, आपल्याला जुळा भाऊ नाही. आपण जे केलं, ते आपणच केलं. आबांशी इमान राखायचं, तर तुळशीरामानं महिन्याआधीच म्हणायला पाहिजे होतं, "आबा, हे करू नका, तुमच्यासारख्या माणसाला हे शोभत नाही." ते खरं इमान झालं असतं. मालकाला वाईट कामात हात देणं म्हणजे इमान नव्हे. तो धाक असतो, नाहीतर सोय असते. त्याला आपण इमान म्हणतो आणि निवांत झोपतो.

झाली माझी गोष्ट. पण तुम्ही अजून उठू नका.

आज दुपारी महाप्रसादाला मी पंगतीत बसलो होतो. गाव मोठं, पंगती मोठ्या, वाढणारी पोरं कामाची. मी सहज विचारलं, माळावर ती पाच-सहा घरं दिसतात, तिथलं कुणी जेवायला दिसत नाही? वाढणारा गडबडला. म्हणाला, "महाराज, तिकडं निरोप द्यायचा नाही, असं ठरलंय." मी विचारलं, कुणी ठरवलं? त्याला माहीत नव्हतं. आमटी वाढत पुढं गेला.

मलाही माहीत नाही कुणी ठरवलं, आणि मी विचारणार नाही. ज्यानं ठरवलं, तो स्वतः काही माळावर जाऊन "येऊ नका" म्हणून आलेला नाही. निरोप द्यायचं काम तुमचं होतं — तुम्ही, बिल्ले लावून दाराशी उभे आहात ना, तुमचं. तुम्ही तो दिला नाही.

भात शिल्लक आहे, मी बघून आलोय. आरती अजून व्हायची आहे. पखवाजवाले, तुम्ही जरा पाणी प्या. आणि बिल्लेवाल्यांनो, तुमच्यातले दोघं-तिघं जण माळावर जा, "जेवायला चला" म्हणा, आणि त्यांना घेऊन या. मी इथंच उभा आहे. ते आल्याशिवाय आरती लावणार नाही.