बांगडीचा मध्य

१९५८ साली मद्रासमधल्या मैलापूरच्या बांगड्यांच्या दुकानात माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या.

“वसंता, लेक शुक्रवारी तंजावरहून येते, बांगड्या भरायच्यात. तिच्या लग्नातल्या बांगडीचा एवढाच तुकडा उरलाय. माप काय सांगू?”

“तुकडा पुरे, गोदाक्का. शाळेत रोज वर्तुळंच शिकवते. कागदावर हा गिरवला. कमानीवर तीन ठिपके दिले, ते ओळीनं दोन रेघांनी जोडले. दोन्ही रेघांच्या बरोबर मधून काटकोनात रेघा काढल्या, की त्या मध्यावरच भेटतात.”

“नाही भेटल्या तर?”

“दुसरीकडे जातील कुठं? आता मध्यावर दोरा धरून पेन्सिल फिरवते. ही बघा लेकीची बांगडी.”

“अगदी तीच. पण सातवा महिना लागलाय, हात सुजलेत तिचे.”

“मध्य तोच राहू दे, अक्का. दोरा थोडा लांब सोडते.”